दादांचे कान आणि गारगोटीची भांडी

आम्ही वडिलांना दादा म्हणतो. दादा लातूरकडून भोसरीला आले ते एका फोर्जिंग कंपनीत हेल्पर म्हणून, आणि निवृत्त झाले ते त्याच कंपनीच्या चाकणच्या प्लांटमधून, हॅमर ऑपरेटर म्हणून. तापून लाल झालेला लोखंडाचा तुकडा चिमट्याने साच्यावर ठेवायचा आणि त्यावर वरून घण पाडायचा. गाड्यांच्या इंजिनातले भाग असे घडतात. घण पडला की शेडची जमीन हलायची. कामगारांच्या मुलांना एकदा कंपनीत नेलं होतं तेव्हा मी पहिल्याच घावाला रडायला लागले आणि आईने मला गेटपाशी नेऊन बसवलं. तिथेही छातीत धक्के बसत होते.

कंपनी कानात घालायला रबराचे बोळे द्यायची. दादा ते शर्टाच्या खिशात ठेवायचे. साच्याला बारीक तडा गेला की घणाचा आवाज बदलतो, आणि तो बदल ज्याला आधी कळतो तो चांगला ऑपरेटर. दादांना सगळ्यांच्या आधी कळायचा. त्यासाठी त्यांचा सत्कार झाला होता, भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. त्या घड्याळाची टिकटिक त्यांना ऐकू येत नाही हे आम्हांला फार उशिरा कळलं.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी आईला विचारलं, "कुकर ठेवलायस का?"

गॅसवर काहीच नव्हतं. तोवर दादा रोज कंपनीच्या आवाजात असायचे, घरी येऊन जेवून झोपायचे. आता घर शांत झालं आणि कानातली शिट्टी त्यांना पहिल्यांदा नीट ऐकू आली. ती थांबत नव्हती. थोडे दिवस त्यांनी खिडक्या लावून पाहिल्या, फ्रिज बंद करून पाहिला, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटारीवर संशय घेतला. मग एक दिवस म्हणाले, "आपल्याच कानात हाय ते." आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला.

मी तेव्हा हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये, माण गावाच्या बाजूला, सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. आम्ही मोशीला फ्लॅट घेतला होता आणि मी आई-दादांबरोबरच राहत होते. दादांच्या कानांकडे माझं लक्ष नव्हतं असं नाही. एकदा डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी थेंब दिले, वय झालं म्हणाले. मीही तेच म्हणाले.

मग माझी नोकरी गेली. एका सकाळी मीटिंगला बोलावलं, दहा मिनिटांत सगळं संपलं, आणि दुपारी मी लॅपटॉप परत करून बसस्टॉपवर उभी होते. त्यानंतरचे तीन महिने मला धड आठवत नाहीत. मी खोलीतच असायचे. आई ताट आणून ठेवायची. कुणी काही विचारलं तर मान हलवायची, तेवढंच. आमच्या घरात आता दोघंजण ऐकत नव्हते, एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसरीला ऐकायचं नव्हतं.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला ओढून पुण्यात एका कार्यक्रमाला नेलं. मोठ्या खोलीत चटया टाकलेल्या, सगळे डोळे मिटून आडवे झालेले, आणि समोर एक बाई पांढऱ्या, दुधी काचेसारख्या भांड्यांच्या मधे बसलेली. लहान-मोठी सात भांडी. तिने एका भांड्याच्या काठावरून चामडं लावलेला दांडा हळूहळू फिरवायला सुरुवात केली. आधी काहीच नाही. मग आवाज आला, पण कुठून येतोय ते कळेना. भांड्यातून येत होता असं म्हणवत नाही. भिंतींतून, चटईखालून, माझ्या दातांतून येत होता. दुसरं भांडं तिने त्यात मिसळलं तेव्हा दोन्ही आवाज एकमेकांत शिरून लाटांसारखे चढायला-उतरायला लागले. मी रडले आणि मग तिथेच झोपी गेले. तीन महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपले होते.

मी ते शिकले. शनिवार-रविवारचा कोर्स होता. मग साठवलेल्या पैशांतून स्वतःची सात भांडी मागवली. खोकी आली तेव्हा दादा हॉलमध्येच होते. मी एकेक भांडं फोममधून काढून सतरंजीवर मांडत होते आणि ते वाकून बघत होते.

"हे कशाचं?" त्यांनी विचारलं.

"गारगोटीचं!" मी ओरडून सांगितलं. "गारगोटीची वाळू भट्टीत वितळवून करतात!"

"म्हंजे भट्टीतलाच माल." त्यांनी सगळ्यांत मोठं भांडं दोन्ही हातांनी उचललं, बोटाचं पेर वाकवून त्यावर टकटक केली आणि कान अगदी काठाला लावला. कारखान्यात घडलेला तुकडा असाच वाजवून बघत असणार. "तडा न्हाई. चांगलं हाय."

त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत मी तसा आनंद पाहिला नव्हता. माझ्या डोक्यात त्याच क्षणी पक्कं झालं, की मी दादांचे कान बरे करणार.

हे वाक्य आज लिहितानाही मला लाज वाटते. पण मला खरंच तसं वाटलं होतं. कोर्समध्ये शिकवलं होतं, की आवाज शरीरात जिथे गरज आहे तिथे जातो. कानातल्या शिट्टीलासुद्धा याचा उपयोग होतो असं तिथे कुणीतरी बोललं होतं. कुणी, ते आठवत नाही. मी विचारलंही नव्हतं, कशावरून म्हणून.

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मी रविवारी सकाळी वर्ग सुरू केले. छोटी, बंद खोली, वर पत्र्याचं छत, खाली फरशी. आमच्याच बिल्डिंगमधल्या बायका यायच्या, कंपन्यांत शिफ्ट करून दमलेली मुलं यायची, एक जोडपं आळंदी रोडवरून यायचं. दादांची जागा ठरलेली होती. सगळ्यांत पुढे, मोठ्या भांड्याला लागून. मीच तिथे त्यांची चटई टाकायचे. पाठ टेकायला लोड द्यायचे. ऐकायला कमी येतं म्हणून त्यांच्या बाजूचं भांडं थोडं जोरात वाजवायचे.

पहिल्या रविवारी सगळे गेल्यावर मी त्यांना विचारलं, "कसं वाटतंय, दादा?"

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं वाटायलंय."

मी त्यांना मिठीच मारली. आमच्यात मिठी मारायची पद्धत नाही. ते अवघडून उभे राहिले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर प्रत्येक रविवारी मी तेच विचारायचे आणि ते तेच सांगायचे. मी वर्गात येणाऱ्यांना सांगायला लागले, माझ्या वडिलांना फरक पडला म्हणून. तीस वर्षं हॅमरसमोर उभा राहिलेला माणूस, आणि बघा. लोक दादांकडे आदराने बघायचे. दादा हसून नमस्कार करायचे. त्यांना बहुतेक काय बोललं जातंय ते कळत नसावं, की कळत असावं, मला आता सांगता येत नाही.

असं जवळजवळ वर्षभर चाललं.

मधल्या काळात काही गोष्टी घडत होत्या, त्या मी पाहिल्या आणि त्यांचा चुकीचा अर्थ लावला. दादा एकादशीला आळंदीला कीर्तन ऐकायला जायचे. शब्द सगळे कळायचे नाहीत, पण जायचे, सवयीने पुढे बसायचे. ते त्यांनी सोडलं. मला वाटलं बसच्या दगदगीचा कंटाळा आला. आईला ते म्हणाले होते, टाळ सहन होत नाहीत, डोक्यात खिळा मारल्यासारखं होतं. आईने मला सांगितलंही. मी म्हणाले, अगं, म्हणजे ऐकू यायला लागलंय त्यांना! घरात चमचा पडला की ते दोन्ही हात कानांवर न्यायचे, आणि त्याच दिवशी दाराची बेल दहा वेळा वाजली तरी त्यांना कळायची नाही. सोमवार-मंगळवार ते अगदी गप्प असायचे, कपाळाला बाम लावून पडलेले. बुधवारी जरा उठायचे. सोमवार-मंगळवार. रविवारनंतरचे दोन दिवस. मी टेस्टर होते. एखादी चूक ठरावीक वेळानंतर पुन्हा पुन्हा येत असेल तर आधी काय घडतं ते बघायचं, हे मी वर्षानुवर्षं पोट भरायला केलेलं काम. घरात मला ते दिसलं नाही.

कानाची तपासणी करायचं ठरलं तेही माझ्याच हौसेने. किती सुधारणा झाली ते कागदावर हवं होतं मला. वर्गात दाखवता आलं असतं.

पिंपरीच्या एका दवाखान्यात गेलो. तिथे काचेची खिडकी असलेली एक छोटी केबिन होती. तपासणाऱ्या मुलीने दादांना आत बसवलं, कानांवर हेडफोन लावले, हातात बटण दिलं आणि खुणेने समजावलं, आवाज आला की दाबायचं. मी बाहेर तिच्या शेजारी उभी होते. ती तिच्या यंत्रावर एकेक आवाज सोडत होती. जाड आवाजांना दादांनी बटण दाबलं. मग आवाज बारीक होत गेला तसा त्यांचा अंगठा थांबला. ते काचेतून आमच्याकडे बघत होते, शाळेतल्या मुलासारखे, उत्तर येत नाही पण बाई काही म्हणत नाहीत अशा चेहऱ्याने. मुलगी आवाज वाढवत गेली. मशिनची हद्द संपली. दादांनी बटण दाबलं नाही. मग मधल्या पट्टीतल्या एका मोठ्या आवाजाला त्यांनी हेडफोन ओढून काढला आणि डोळे घट्ट मिटले.

डॉक्टरांनी कागद पाहिला. बाई वयस्कर होत्या, सावकाश बोलायच्या. त्यांनी मला समजावलं, की कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मेल्या आहेत, त्या परत येत नाहीत. अशा कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही, आणि मोठा आवाज एकदम अंगावर येतो, दुखतो. मधली पायरीच राहत नाही. आधीचा एखादा रिपोर्ट आहे का विचारलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होताना कंपनीत काढलेला एक मी बरोबर नेला होता. तो त्यांनी शेजारी ठेवला आणि दोन्हींवरच्या रेघा बोटाने ताडून पाहिल्या.

"निवृत्तीनंतर इतकं खाली यायला नको होतं," त्या म्हणाल्या. मग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दादांपुढे धरलं. सध्या मोठ्या आवाजाजवळ बसता का?

दादांनी मोठ्याने वाचलं. मान हलवली. "न्हाई."

मी म्हणाले, "बसतात."

मी सगळं सांगितलं. भांडी, बंद खोली, पुढची चटई, त्यांच्या बाजूचं भांडं जोरात. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं की मी काय सांगतेय. डॉक्टरांनी मधे तोडलं नाही. शेवटी मी विचारलं, त्यानेच वाढलं का?

"त्यानेच, असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "वयानेही होतं. पण नाही, असंही मला म्हणता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

आजही मी याच वाक्यापाशी आहे. याच्या अलीकडेही जाता येत नाही आणि पलीकडेही.

परत येताना रिक्षा केली. नाशिक फाट्याला सिग्नलवर थांबलो तेव्हा मला राहवलं नाही. दादांशी हळू बोलता येत नाही, त्यामुळे जे विचारायचं होतं ते मी रिक्षात ओरडून विचारलं.

"त्रास होत होता तर बोलला का नाही?"

त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. मी पुन्हा ओरडले. रिक्षावाला आरशातून बघायला लागला.

"व्हायचा थोडा," दादा म्हणाले.

"थोडा?"

"दोन दिस शिट्टी वाढायची. मग कमी व्हायची. अलीकडं कमी व्हईना गेली."

"मग बरं वाटायलंय कशाला म्हणायचात?"

सिग्नल सुटला, रिक्षा निघाली. मला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही. पुलाखालून पुढे गेल्यावर ते बोलले, स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे फार मोठ्याने.

"तीन महिने तू घरात शब्द काढत न्हवतीस, माय. आई दाराशी उभी राहून रडायची. ती भांडी आली आन तू बोलायला लागलीस. हसायला लागलीस. मग मी काय सांगायचं व्हतं तुला?"

रिक्षावाल्याने आरसा दुसरीकडे वळवला.

त्या रविवारचा वर्ग मी रद्द केला. मग पुढचाही. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, घरच्या कारणाने वर्ग बंद होत आहेत. लोकांनी जोडलेले हात पाठवले, फुलं पाठवली. एका बाईने लिहिलं, तुमच्यामुळे मला पुन्हा झोप लागायला लागली, तुमच्या वडिलांना बघून मला विश्वास बसला होता. मी ग्रुपमधून बाहेर पडले. तिला खरं सांगायला हवं होतं. ती दादांसारखीच पुढे बसायची.

भांडी मी माणकडे योगाचे वर्ग घेणाऱ्या एका बाईंना दिली. नेताना मी त्यांना सांगितलं, बंद खोलीत एवढ्या जवळ कुणाला बसवू नका, कान दुखत असलेल्या माणसाला तर अजिबात नको. त्या म्हणाल्या, "हो, हो," आणि फोनवर टेंपोवाल्याला पत्ता सांगत राहिल्या. त्यांनी मोठं भांडं उचललं तेव्हा दादा खोलीतून बाहेर आले.

"देऊन टाकायलीस?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"चांगला माल व्हता," ते म्हणाले आणि परत आत गेले.

मला त्यांची माफी मागायची होती. कितीतरी दिवस मी जागा शोधत होते. माफी ओरडून कशी मागायची? आमच्या भिंती पातळ, शेजारी सगळं ऐकू जातं. चिठ्ठी लिहावी असंही वाटलं, पण दादांना लिहिलेलं मोठ्याने वाचायची सवय. शेवटी एका दुपारी आई खाली भाजी आणायला गेली होती, तेव्हा मी त्यांच्या खाटेजवळ बसले आणि त्यांच्या डाव्या कानाशी, जो जरा बरा आहे, तोंड नेऊन म्हणाले, "दादा, माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कानांबद्दल विचारतेय असं त्यांना वाटलं असावं.

"व्हय," ते म्हणाले. "बरं हाय आता."

मी पुन्हा म्हणाले नाही. ते समजून बोलले की न समजता, हे मला त्यांना विचारता आलं नाही, आणि आता इतके महिने गेल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

मला एक नोकरी मिळाली आहे, कॉन्ट्रॅक्टवर, घरूनच. दिवसभर हेडफोन लावून बसते. दादांना कानात घालायची मशिन घेतली. त्यांनी पंधरा दिवस लावली. मशिन शिट्टी झाकत नाही, पातेल्याचा आवाज मात्र भाल्यासारखा आत नेते, म्हणाले. ती आता डबीत आहे. डॉक्टरांनी दुसरी सेटिंग करून दिली, तिसरी करून दिली. दादा प्रत्येक वेळी गेले, खुर्चीत बसले, हो हो म्हणाले, आणि घरी येऊन काढून ठेवली. मागच्या खेपेला डॉक्टरच म्हणाल्या, जबरदस्ती करू नका.

दादांपेक्षा मला आता आईचं जास्त दिसतं. आई पूर्वी स्वयंपाक करता करता दादांना दिवसभराचं सगळं सांगायची. खालच्या मजल्यावरचं कोण कुणाशी भांडलं, गावाकडून कुणाचा फोन आला, कुणाच्या सुनेने काय नेसलं होतं. दादा "हं, हं" म्हणायचे, मधेच एखादा प्रश्न विचारायचे. चाळीस वर्षं त्यांचा संसार त्या बोलण्यावर चालला होता. आता ते बंद पडलंय. मी एकदा तिला म्हणाले, बोलत जा गं त्यांच्याशी, कानाजवळ जाऊन.

ती कणीक मळत होती. म्हणाली, "ओरडून कुणाची चहाडी सांगता येते का गं? हळू सांगायच्या गोष्टी असतात त्या."

मग ती कणकेचा गोळा झाकून हात धुवायला गेली. हल्ली ती दादांशी तीनच गोष्टी बोलते, मी मोजल्या आहेत. जेवा. गोळी घ्या. दार लावून घ्या. त्याही हाताने खुणावूनच सांगते.